मुन्शीजींचा क्षेत्रसंन्यास

३ नोव्हेंबर २०१४, सोमवार. देवउठनी एकादशी.
आज सकाळी साडेनऊ वाजता क्षेत्रसंन्यास घेतला. आता मरेपर्यंत काशीच्या पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

काशीत मेलं की मोक्ष, यात कुणाचंच दुमत नाही. प्रश्न फक्त ऐन वेळी काशीत हजर असण्याचा आहे. बहुतेक लोक तिथेच चुकतात. आयुष्यभर रोज गंगेत बुडी मारतात आणि मरतात कुठे, तर गोरखपूरला, साडूच्या घरी. गाजीपूरच्या कालवा खात्यात छत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. अर्ज बिनचूक असला की मंजुरी अडत नाही, एवढं मला कळतं.

लल्लन शास्त्रींनी केदारघाटावर संकल्प सांगितला. मी कमरेएवढ्या पाण्यात, ते पायरीवर कोरडे. थंडी फार वाजली, पण चेहऱ्यावर दाखवली नाही.

चंद्रावतीने संन्यास घेतला नाही. दोघंही इथे अडकलो तर मंजरीच्या बाळंतपणाला कोण जाईल, असं तिचं म्हणणं. मुलगी मुगलसरायला, म्हणजे गंगेच्या पलीकडे, फेब्रुवारीत दिवस भरतात. बायकोला नीट समजावून सांगितलं की पलीकडे मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, सगळी काशी हेच सांगते. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मिळू दे. गाढवाच्या पाठीवरचं ओझं निदान लोकांना दिसतं तरी."

अध्यात्माचा गंध नाही. चाळीस वर्षांत मी काय काय सहन केलंय.

आजपासून बंद: कांदा, लसूण, मटण, पान, वर्तमानपत्र, राग. चहा चालू ठेवला आहे, नाहीतर डोकं दुखतं.

४ नोव्हेंबर
नळाचं पाणीही बंद. स्नान, स्वयंपाक, चहा सगळं गंगाजलाचं. चंद्रावती सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन कळशा आणेल. घाटापासून आमच्या खोलीपर्यंत त्र्याऐंशी पायऱ्या आहेत, मी मोजल्या आहेत. तिलाही आयतं पुण्य.

वर्तमानपत्र खालच्या पन्ना गुरूच्या पानाच्या दुकानावर उभ्याने वाचलं. विकत घेतलं नाही, म्हणजे नियम मोडला नाही.

६ नोव्हेंबर, देवदिवाळी
सगळ्या घाटांवर दिवे. पन्ना गुरूने नावेत बोलावलं होतं. मी स्पष्ट नकार दिला. नाव मध्यधारेच्या पलीकडे गेली आणि त्याच क्षणी मला हार्टअटॅक आला तर? गुरू म्हणाला की मुन्शीजी, तुम्ही मोक्षाच्या रांगेत टोकन घेऊन बसलात, आता लघवीलाही उठणार नाही. भर दुकानात. लोक हसले. मला राग आला नाही. फक्त त्याच्याशी तीन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं.

चंद्रावतीला नावेतून दिवे बघायचे होते. तिची हौस माझ्या संकल्पाशी जुळत नाही, हे सांगितलं. मग ती पाणी आणायला म्हणून गेली आणि तासभर आलीच नाही. पायरीवर कळशी ठेवून दिवे बघत बसली होती म्हणे. छातीवर हात ठेवून बसली होती, असं गुरूची बायको म्हणाली. वजन वाढलंय तिचं.

१९ नोव्हेंबर
एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. काशीत मरणाऱ्याच्या उजव्या कानात स्वतः शंकर तारकमंत्र सांगतात. माझ्या उजव्या कानात मळ आहे. म्हणजे छत्तीस वर्षं नोकरी, सगळे नियम, आणि ऐन वेळी ऐकूच आलं नाही तर काय करायचं?

घाटावरच्या कानवाल्याकडून कान साफ करून घेतला. दर बुधवारी यायला सांगितलं आहे. झोपताना डाव्या कुशीवर, म्हणजे उजवा कान वर राहतो. शिवाय त्यात कापूस. फालतू आवाज आत जाऊन जागा अडवतात. डाव्या कानाने तसंही कमी ऐकू येतं, त्यामुळे झोप उत्तम लागली.

चंद्रावती म्हणते ती खोकत होती आणि तिने मला दोनदा हाक मारली. मला काहीच ऐकू आलं नाही. कापूस चांगल्या प्रतीचा आहे.

२ डिसेंबर, मंगळवार
चंद्रावतीच्या पायांना सूज. बोटाने दाबलं की खड्डा पडतो. चपलेत पाय जात नाही म्हणून अनवाणी पाणी आणते. मी म्हटलं, तीर्थक्षेत्रात अनवाणी चालणं उत्तमच.

तरीही डॉक्टरकडे नेलं, माझ्याकडून कसूर नको. तरुण डॉक्टरीणबाई होती. हृदयाची तपासणी करा, जिने चढणं आणि ओझं उचलणं आजपासून बंद, असं म्हणाली. तपासणीची तारीख ९, सकाळी सातपासून रांग. ९ तारखेला मंगळवार. मंगळवारी मी संकटमोचन मारुतीला जातो. मी सांगितलं की पुढच्या महिन्यात बघू. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चंद्रावतीच म्हणाली, राहू द्या, बाळंतपण झालं की बघू.

ती स्वतःच म्हणाली, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

कळशा आता दोनऐवजी चार फेऱ्यांत आणेल, अर्ध्या अर्ध्या भरून. उपाय मीच सुचवला.

१४ डिसेंबर, रविवार
आज एक सूक्ष्म प्रसंग आला. तो मी कसा हाताळला ते लिहितो.

पन्ना गुरूची बहरी अलंग होती. थंडीत ही मंडळी रविवारी नावेने पलीकडच्या वाळूवर जातात. तिथे अंघोळ, भांग, आणि गोवऱ्यांवर भाजलेली बाटी. मी फक्त नावेपर्यंत सोडायला गेलो होतो. पण तुपाचा डबा उघडा होता आणि वास आला. लल्लन शास्त्रीही नावेत बसलेले. मी बसलो, मध्यधारेपर्यंतच म्हणून. मध्यधारेत नाव थांबवायला कुणी तयार होईना.

पलीकडे पोचल्यावर मी शांतपणे विचार केला. ही वाळू पावसाळ्यात पाण्याखाली असते. म्हणजे ती गंगेचं पात्र आहे. गंगा काशीची. म्हणजे वाळूवर उभा असलेला माणूस हा गंगेतच उभा असतो, फक्त पाणी उतरलेलं असतं. मुद्दा इतका बिनतोड होता की मी लगेच उतरलो.

सहा बाट्या खाल्ल्या. वांग्याच्या चोख्यात, म्हणजे भरतात, लसूण नव्हता. असलाच तर मला समजला नाही. भांग प्रसाद म्हणून. शास्त्रींनी नऊ खाल्ल्या, म्हणजे धर्माच्या बाजूने काहीच अडचण नसावी. ऊन इतकं छान होतं. समोर सगळी काशी एका ओळीत दिसत होती. आमच्या घाटाच्या पायऱ्यांवर एक बाई कळशी घेऊन चढत होती आणि मध्येच बसत होती. गुरू म्हणाला, वहिनी तर नव्हेत? इतक्या लांबून काय ओळखू येणार.

चंद्रावतीला सांगितलं की दिवसभर शास्त्रींबरोबर धर्मचर्चा चालली होती. ते खरंच आहे.

१५ डिसेंबर
चंद्रावतीने कालचं, संकल्पाचं धोतर धुतलं. काही विचारलं नाही. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे.

१५ जानेवारी, खिचडी
संक्रांतीची खिचडी आणि तिळाचे लाडू. चंद्रावती भल्या पहाटे उठून पाण्याला गेली ती उजाडल्यावर आली. ओठ निळसर दिसत होते. थंडीच तशी आहे.

माझं ध्यान आता वीस मिनिटं टिकतं. आज तर जवळजवळ काहीच जाणवलं नाही, ना भूक, ना आवाज. शास्त्री म्हणाले, मोह सुटायला लागला की असं होतं.

२२ जानेवारी, गुरुवार
चंद्रावती मुगलसरायला गेली. सर्वेश, म्हणजे जावई, ऑटो घेऊन आला होता. तिला बसवताना तो म्हणाला की बाबूजी, अम्माची तब्येत मला ठीक वाटत नाही. मी म्हटलं, मुलीकडे चाललीय, आराम होईल. जाताना तिने माझ्या दोन स्वेटरांपैकी कुठला कधी घालायचा ते सांगितलं. लोणच्याची बरणी कुठे आहे ते सांगितलं. मग म्हणाली की लवकर येईन. मी गाढवाच्या जन्माची आठवण करून दिली, थट्टेत. ती हसली नाही.

चार वाजता स्वतः पाणी आणायला गेलो. एक कळशी. चाळिसाव्या पायरीवर बसलो. एकसष्टाव्या पायरीवर पुन्हा. छातीत धडधड, डोळ्यांपुढे काजवे. खोलीत आल्यावर अर्धा तास पडून होतो.

विचार केला. नळाचं पाणीसुद्धा भदैनीच्या पंपातून गंगेचंच येतं. हे आधी कसं लक्षात आलं नाही? उद्यापासून नळ सुरू.

५ फेब्रुवारी, गुरुवार
नात झाली. तीन किलो. सर्वेशने फोनवर तिचा आवाज ऐकवला. डाव्या कानाला लावला होता त्यामुळे नीट कळला नाही. कधी येता विचारलं. मी संकल्पाचं सांगितलं. सर्वेश म्हणाला की अम्मा बसून झोपते, आडवं झालं की श्वास लागतो. मी म्हटलं, बाळंतिणीच्या घरात झोप कुणाला मिळते?

नातीला बघावंसं वाटलं, हे खोटं कशाला लिहू. तिच्या नावाने वाळूकडे बघत घाटावर बसलो. मुगलसरायकडे जाणारा पूल इथून स्पष्ट दिसतो. मोह परीक्षा घेतो आणि मी पास झालो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.
सर्वेशचा फोन. पहाटे चंद्रावती स्वयंपाकघरात पडली. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय. हृदय कमजोर, फुप्फुसात पाणी. हे आजचं नाही, दोन-तीन महिन्यांचं आहे, वेळेवर तपासलं असतं तर औषधावर राहिली असती, असं डॉक्टर म्हणतोय. डॉक्टर लोक नेहमी असंच म्हणतात. ती मला बोलावते आहे.

मी सांगितलं, ताबडतोब गाडी करून तिला काशीत आणा. तिच्या कल्याणासाठीच म्हणत होतो, पलीकडे काही बरंवाईट झालं तर तिचं काय होईल. सर्वेश म्हणाला की गाडीत घातलं तर पुलावरच जातील. मग आवाज चढवून म्हणाला, "बाबूजी, सोळा किलोमीटर आहे. ऑटोने पाऊण तास. या ना."

दुपारी २.१५
राजघाट. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी, तिथे बसून लिहितो आहे. ऑटो घेतला होता. पुलापर्यंत आल्यावर थांबवला. पुढे पाऊल टाकलं की सगळं व्रत संपलं. शंभर दिवसांची साधना. आणि पुलावर जाम आहे, ट्रक एकामागे एक उभे. हा इशाराच समजायचा.

ऑटोवाला म्हणाला की जायचंय की नाही सांगा, मला दुसरी सवारी आहे. त्याला सोडून दिलं.

३.४०
सर्वेशने चंद्रावतीशी बोलायला दिलं. गाड्यांचे हॉर्न होते म्हणून कापूस काढून फोन उजव्या कानाला धरला. आधी नुसता श्वास. मग तिने विचारलं की स्वेटर घातलाय ना. मी हो म्हटलं. मी पुलापाशीच आहे पण संकल्प आहे, तू समजून घे, असं सांगितलं.

ती थांबून थांबून बोलली. जसं बोलली तसंच लिहितो.

"त्या रविवारी तुम्ही पलीकडे गेला होतात ना? धोतराच्या काठात वाळू होती. मी काही बोलले नाही. म्हटलं, बाटी खावीशी वाटली असेल. आजही या. मी कुणाला सांगणार नाही."

वाळूबद्दलचा माझा मुद्दा मी तिला समजावायला लागलो. तेवढ्यात फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

संध्याकाळी ६
परत आलो. घाईने काही करणं माझ्या स्वभावात नाही. आधी लल्लन शास्त्रींना विचारतो, अशा प्रसंगी पूल ओलांडला तर व्रताचं काय होतं, काही सवलत आहे का. त्यांनी हो म्हटलं की लगेच निघायचं. पिशवी भरून ठेवली आहे. शास्त्री घरी नाहीत. चुनारला यजमानाकडे वास्तुशांत आहे, उद्या दुपारी येतील.

ती मनाने घट्ट आहे. उद्या दुपारपर्यंत काही होत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

दुपारी मणिकर्णिकेवर आणली. पुलावरून. सर्वेश आणि त्याच्या ऑफिसातले चौघे. अग्नी मी दिला. पायाचे अंगठे बांधलेले होते. पाय इतके सुजलेले होते की सुतळी आत रुतली होती.

मला रडू आलं नाही. हेच वैराग्य असावं.

निघताना सर्वेशने दुसरीकडे बघत मंजरीचा निरोप सांगितला. "नात बघायची असेल तर पुलावरून या, म्हणाली. आम्ही तिला इकडे आणणार नाही."

सात वाजता चहा करायला गेलो. साखर सापडली नाही. सगळे डबे उघडून पाहिले. तेव्हा रडू आलं. साखरेसाठी आलं असं नाही. लिहायला काही सुचत नाही.

१७ फेब्रुवारी, शिवरात्र
दिवसभर ढोल. उजव्या कानात कापूस घातला. तरी तिचा आवाज तिथेच आहे. परत परत तेवढंच वाक्य, मी कुणाला सांगणार नाही. कानवाल्याला बोलावून कान पुन्हा साफ करून घेतला. तो म्हणाला, बाबूजी, आत काहीच नाही, आरशासारखा स्वच्छ आहे.

२५ फेब्रुवारी
तेरावं झालं. शास्त्रींनी ब्राह्मणांना जेवू घातलं. पन्ना गुरू पत्रावळी उचलत होता. जेवणं आटोपल्यावर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "त्या दिवशी पायऱ्यांवर वहिनीच होत्या, मुन्शीजी. मला तेव्हाच दिसलं होतं. तुम्हालाही दिसलं होतं."

मी म्हटलं, ऊन डोळ्यावर होतं.

गर्दीत शास्त्रींना प्रश्न विचारायचा राहिला. आता त्याचा उपयोग नाही, पण मुद्दा स्पष्ट झालेला बरा. मंजूर झालं नसतं असं एकदा कळलं की मनाला शांतता मिळेल.

१ मार्च, रविवार. रंगभरी एकादशी.
आज बाबा विश्वनाथ गौरीला माहेराहून घरी आणतात. स्वतः जातात आणायला. सकाळपासून गल्लीत गुलाल आणि डमरू. मी खिडकी लावून घेतली. गुलालाने खोकला येतो.

दुपारी शास्त्रींकडे गेलो. ते नुकतेच पालखीहून आले होते, भुवयांपर्यंत लाल. प्रश्न लेखी नेला होता, म्हणजे घोटाळा नको: दि. १२ फेब्रुवारी रोजी सदर व्रतस्थाने पत्नीच्या आजारपणानिमित्त पूल ओलांडला असता तर व्रतभंग झाला असता किंवा कसे.

शास्त्रींनी कागद वाचला. परत वाचला. मग मला म्हणाले, "कुठलं व्रत, मुन्शीजी? ते तर त्या रविवारीच मोडलं. वाळूवर पाय ठेवलात तेव्हा."

मी वाळूचा मुद्दा मांडला. पावसाळा, पात्र, सगळं. ते म्हणाले की पलीकडे ते पलीकडेच, हे कुठलाही नावाडी सांगेल. मग तेव्हाच का बोलला नाहीत, विचारलं. तर म्हणाले, तुम्ही मजेत खात होतात, कशाला उगाच.

घरी येऊन हिशेब केला. १४ डिसेंबर ते १२ फेब्रुवारी, साठ दिवस. साठ दिवस माझ्यावर कसलंच बंधन नव्हतं. कुठेही जाऊ शकत होतो. पुलाच्या तोंडाशी बसलो होतो तेव्हाही मला कुणी अडवलेलं नव्हतं. ऑटो समोर उभा होता.

शास्त्री म्हणाले की बिघडलं काही नाही, व्रत पुन्हा घेता येतं. १६ मार्चला पापमोचनी एकादशी आहे, मुहूर्त चांगला आहे, धोतर तेच चालेल. तारीख लिहून घेतली आहे.

धोतर पेटीतून काढून उजेडात धरलं. काठ उलगडून बघितला, दोन्ही बाजूंनी. झटकलं. वाळूचा एक कणही पडला नाही. तिने चांगलं धुतलं होतं.